आधी पाणी पाळा, मग पोवळे!



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयातील अकरावीचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत मला भेटावयास आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती व पिशवीत मुठीएवढा पांढराशुभ्र दगड. तो दगड नव्हता. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ते एक जिवंत प्रवाळ होते. "सर, हे तिसरे गेले," तो म्हणाला. "दिवा चांगला आहे, पंप दोन आहेत, फेस काढायचे यंत्र आहे. आता आणखी कोणते यंत्र घेऊ?"

मी त्याला उलट विचारले, "ज्या दिवशी हे पांढरे पडू लागले, त्या दिवशी दुपारी तीन वाजता पाण्याचे तापमान किती होते?"

"रोजच्यासारखेच असेल, सर."

"आणि खारटपणा?"

"तोही बरोबरच असेल."

मित्रहो, 'असेल' हे मोजमाप नव्हे. घरी प्रवाळ पाळू इच्छिणाऱ्यांची गाडी अडते ती यंत्रांवाचून नव्हे, तर या 'असेल'पाशी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, जीवशास्त्र नव्हे. परंतु प्रवाळाच्या पेटीत जे घडते त्याचा निम्मा भाग उष्णता, प्रकाश, घनता आणि प्रवाह यांचाच असल्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रवाळ, म्हणजे आपले पोवळे, हा प्राणी आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात तुम्हाला भेटणाऱ्या हायड्राचा तो दूरचा नातेवाईक. त्याच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाची सूक्ष्म शैवले राहतात. ही शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा घरमालकाला भाड्यापोटी देतात. प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुनखडीचा सांगाडा रचते. पाणी फार तापले, प्रकाश एकाएकी बदलला किंवा क्षारांचे प्रमाण बिघडले, की ही शैवले बाहेर टाकली जातात. रंग त्यांचाच असल्यामुळे प्रवाळ पांढरे पडते. तेवढ्याने ते लगेच मरत नाही, पण उपाशी पडते आणि परिस्थिती सुधारली नाही तर मरते.

ही संसारव्यवस्था घरात मांडण्याची हौस आजची नाही. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळे लंडनला आपल्या घरी आणली. ही थंड पाण्यातील लहान प्रवाळे होती. त्या काळी विजेचा पंप कोठून असणार? त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, म्हणजे त्यात हवा मिसळावी. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशैवलेही सोडली. अशा रीतीने त्यांनी प्रवाळे सुमारे तीन वर्षे जगवली! पुढे १९६१ साली जकार्ता येथील ली चिन एंग यांनी उष्ण कटिबंधातील प्रवाळे घरी ठेवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. साहित्य काय? समुद्रातले जिवाणूंनी भरलेले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन. एवढेच. अर्थात त्यांना समुद्र जवळ होता व विषुववृत्तावरचे ऊन फुकट होते, हे विसरून चालणार नाही.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानी येते. पेटीतील प्रत्येक यंत्र म्हणजे समुद्र जे काम फुकट करतो त्याचा पगारी नोकर आहे. नोकर ठेवण्यापूर्वी काम कोणते हे समजले पाहिजे. तेव्हा ही कामे एकेक पाहू.

पहिले काम तापमान स्थिर ठेवण्याचे. समुद्र एवढा अफाट आहे, की दिवसभराच्या उन्हाने त्याचे तापमान फारसे हलत नाही. उष्ण कटिबंधातील बहुतेक प्रवाळांना २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. आता त्या विद्यार्थ्याची पेटी घ्या. तीत सुमारे १५० लिटर पाणी. एवढ्या पाण्याचे तापमान १ अंशाने वाढण्यास साधारण ६३० किलोज्यूल उष्णता लागते. पाण्यात बुडवलेली यंत्रे व वरचा दिवा मिळून १०० वॅट उष्णता पाण्याला देत असतील, तर तासाला ३६० किलोज्यूल झाले. म्हणजे उष्णता बाहेर गेली नाही तर तासाला अर्ध्या अंशाहून अधिक वाढ! ज्या थंड देशांत हा छंद वाढला, तेथे पाणी तापवावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात ते थंड करावे लागते. परदेशी पुस्तकातील साहित्याची यादी जशीच्या तशी उतरवून घेणारे येथे फसतात.

यावर चिलर नावाचे महागडे यंत्र मिळते. पण आपल्या माठाचे तत्त्व आठवा. १ लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे १५० लिटरच्या पेटीतून १ लिटर पाणी उडाले, तर ती बाहेरून उष्णता न मिळाल्यास जवळजवळ ४ अंशांनी थंड होईल. पेटीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर एक लहान पंखा सोडला की पुणे-सोलापूरच्या कोरड्या हवेत बरेच काम भागते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र वाफ कमी होते, तेथे पंखा अपुरा पडेल.

पण येथेच दुसरे काम उभे राहते, ते म्हणजे खारटपणा राखण्याचे. समुद्राच्या १ किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार मागेच राहतात. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडे पाणी घालायचे असते, खारे नव्हे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी पेटीतले पाणी बाटलीत भरून आणले. आम्ही प्रयोगशाळेतील विशिष्ट गुरुत्वाची बाटली घेतली, तराजूवर वजने केली आणि उत्तर आले १.०३३. हे १.०२५ ते १.०२६ असावयास हवे होते. मी विचारले, "उडालेल्या पाण्याऐवजी काय घालतोस?" तो म्हणाला, "समुद्राच्या मिठाचे पाणी, सर. तयार करून ठेवले आहे." पंखा लावल्यापासून रोज दीड लिटर. हिशेब पाहा: रोज सुमारे ५२ ग्रॅम क्षार जास्तीचे. १५० लिटरमध्ये वाटले तर लिटरला रोज एक-तृतीयांश ग्रॅमहून थोडे अधिक. पंचवीस दिवसांत ३५ चे जवळजवळ ४४ झाले! मासे तग धरून राहिले, प्रवाळ राहिले नाही. त्याने पंखा लावला हे बरोबर केले होते. चूक एवढीच, की पंख्याने उकाड्याचा प्रश्न सोडवताना दुसरा कोणता प्रश्न निर्माण केला हे त्याने मोजले नाही. पहिली दोन प्रवाळे कशाने गेली हे कळण्याचा तर आता मार्गच उरला नाही, कारण नोंद नव्हती.

तिसरे काम प्रकाशाचे. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. निळा प्रकाश खोल जातो. म्हणून प्रवाळांसाठीचे एल.ई.डी. दिवे निळसर असतात. आपला डोळा निळ्या रंगाला फारसा संवेदनशील नसल्याने असा दिवा मंद भासतो आणि हौशी माणूस तो आणखी वाढवतो. लक्स मोजणारे उपकरणही मानवी डोळ्याच्या मापाने चालते, तेव्हा तेही येथे फसवते. प्रकाश वाढवायचा तो दोन-तीन आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने. नवे प्रवाळ प्रथम तळाशी, कमी उजेडात ठेवावे. दिवसाला आठ-दहा तास पुरेत आणि ते वेळ लावणाऱ्या स्विचवर सोपवावेत. रात्र ही प्रवाळालाही हवी असते.

चौथे काम प्रवाहाचे. प्रवाळ जागचे हलत नाही. त्याला प्राणवायू व अन्न पोचवण्याचे आणि त्याची घाण वाहून नेण्याचे काम लाटा करतात. स्थिर पाण्यात त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ थर साचून राहतो व देवाणघेवाण मंदावते. म्हणून तासाला पेटीच्या दहा-वीसपट पाणी फिरेल एवढा पंप हवा. पण त्याचा झोत एकाच जागी सतत आदळता कामा नये. वीज गेली की हा प्रवाह थांबतो आणि काही तासांत पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. आपल्या गावांत वीज जाते हे गृहीत धरून सेलवर चालणारा हवेचा लहान पंप आधी घ्यावा. महाग दिव्यापेक्षा या स्वस्त पंपाने अधिक जीव वाचतात.

पाचवे काम सफाईचे. वादळानंतर किनाऱ्यावर फेस साचलेला तुम्ही पाहिला असेल. पाण्यातील काही सेंद्रिय रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात. प्रोटीन स्किमर हे यंत्र हेच तत्त्व वापरून असा मळ फेसाबरोबर बाहेर काढते. उरलेल्या कामास जिवाणू आहेत. ते विषारी अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. परंतु या जिवाणूंची वस्ती खडकांवर वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. ती बाजारातून विकत आणून एका दिवसात उभी करता येत नाही.

सहावे काम बांधकामाचे साहित्य पुरवण्याचे. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम व सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, पीएच साधारण ८.१ ते ८.२. प्रवाळे वाढू लागली की कॅल्शियम व कार्बोनेट कमी होतात. ते भरून काढण्याचा एक जुना उपाय म्हणजे आपण शाळेत कार्बन डायऑक्साइड ओळखण्यासाठी वापरतो तीच चुन्याची निवळी! मात्र शुद्ध रासायनिक चुन्याची, पानाच्या डबीतल्या चुन्याची नव्हे. ती तीव्र अल्कली आहे, तेव्हा थेंबाथेंबाने, रात्री आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच. खाण्याच्या मिठाचे द्रावण म्हणजे समुद्र नव्हे, हेही येथे सांगून टाकतो. नळाचे पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन असते, कधी तांब्याचा अंश असतो, आणि तांबे माशांना सोसेल एवढे असले तरी प्रवाळाला मारक ठरते. चौपाटीवरून बादली भरून आणू नये. शहराचे सांडपाणी तेथेच मिसळते.

दोन सूचना जिवाच्या सुरक्षिततेच्या. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. पेटीची सर्व उपकरणे ३० मिलिॲम्पिअरच्या गळती-रोधक स्विचवरूनच जोडावीत आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटात न जाता खाली गळेल. दुसरे असे, की झोअँथिड नावाच्या बटणासारख्या दिसणाऱ्या काही प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अतिजहाल विष असते. हातमोज्यांशिवाय पेटीत हात घालू नये आणि असे जीव चिकटलेला खडक कधीही उकळू नये; त्या वाफेने माणसे आजारी पडलेली आहेत.

आता काही वाचक म्हणतील, "सर, ही सगळी कामे हल्ली आपोआप करणारी यंत्रे मिळतात. तापमान मोबाईलवर दिसते." खरे आहे. पण यंत्र आज्ञा पाळते ती संवेदकाची. संवेदकच दोन अंश चुकला तर? थर्मोस्टॅटचा संपर्कबिंदू चिकटून बसला तर? प्रत्येक मापनात त्रुटी असते हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा आहे. ज्याने साध्या तापमापीने पाच वेळा वाचन घेतले आहे, त्यालाच पडद्यावरचा आकडा खोटा आहे हे ओळखता येते.

म्हणून माझी सूचना अशी. खरेदीचा क्रम उलटा करा. प्रथम मोजणारी उपकरणे, मग काम करणारी, आणि जीव सर्वांत शेवटी. एक चांगली तापमापी, एक रिफ्रॅक्टोमीटर किंवा हायड्रोमीटर, पीएच, नायट्रेट, कॅल्शियम व अल्कता तपासण्याचे संच आणि एक दोनशे पानी वही. पेटीत पाणी, वाळू व खडक घाला. पूर्ण तीन महिने फक्त पाणी पाळा. रोज सकाळी व दुपारी तापमान, दर दोन दिवसांनी खारटपणा, आठवड्यातून एकदा बाकीचे. वहीतील आलेख सलग महिनाभर सपाट राहिला, मध्ये एकदा वीज जाऊनही सावरला, तर तुम्ही प्रवाळाचा विचार करण्यास पात्र झालात. एकही जीव न मारता तुम्ही परीक्षा दिलीत. आणि तीन महिने वही लिहिण्याचा कंटाळा आला, तर तोही निकालच आहे! तो प्रवाळाच्या मरणाने कळण्यापेक्षा कोऱ्या पानाने कळलेला बरा.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, हा छंदच बंद करावा. मला तसे वाटत नाही. परंतु त्याची मर्यादा कायद्याने आखलेली आहे व ती योग्य आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, २००१ सालापासून सांगाडा रचणारी कठीण प्रवाळे आहेत. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात किंवा कच्छचे आखात कशाला, आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यातही ती आहेत. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथील प्रवाळे आढळली, तेव्हा २०२० साली रीतसर परवानगी घेऊन ती दुसरीकडे हलवावी लागली. तेव्हा किनाऱ्यावरून एक तुकडाही उचलू नका. दुकानात दिसणाऱ्या परदेशी प्रवाळाचे कागदपत्र विक्रेता दाखवू शकत नसेल तर ते घेऊ नका. शाळकरी विद्यार्थ्यांनी तर कठीण प्रवाळाच्या वाटेला जाऊच नये, असे मी म्हणेन.

आणि एक शेवटची गोष्ट. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र जेमतेम १ अंश अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळे पांढरी पडू लागतात. १९९८, २०१० व २०१६ या वर्षी असे घडले. २०२४ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांचा मोठा भाग असाच पांढरा पडला. ज्याने आपल्या पेटीत एक अंश सांभाळण्यासाठी तीन महिने धडपड केली आहे, त्याला 'एक अंशाने काय होते?' असा प्रश्न पडणार नाही. माझ्या मते या छंदाची खरी कमाई हीच आहे, आणि ती प्रवाळ न पाळताही मिळते.

ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी एवढे करावे. दोन सारख्या बादल्यांत प्रत्येकी १० लिटर पाणी घ्या. प्रत्येकीत ३५० ग्रॅम मीठ विरघळवा. पाण्याच्या पातळीवर खूण करा. एका बादलीवर टेबलपंख्याचा वारा सोडा, दुसरी तशीच ठेवा. सात दिवस ठरलेल्या वेळी दोन्हींचे तापमान व पातळी लिहा. किती लिटर पाणी उडाले, खारटपणा किती वाढला, हे गणिताने काढा आणि मग हायड्रोमीटरने पडताळून पाहा.

आमचा विद्यार्थी सध्या हेच करतो आहे. त्याच्या पेटीत आज पाणी, खडक आणि जुने दोन मासे आहेत, प्रवाळ नाही. परवा तो वही घेऊन आला. मी सहज विचारले, "काल दुपारी तापमान किती होते?" त्याने पान उलटले व म्हणाला, "तीन वाजता २६.४, सर."